शेजारणीचा शनिवार

बाजूच्या फ्लॅटमधल्या शेजारणीच्या साडीचा किंवा दागिन्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. वाटला तो तिच्या शनिवारचा.

बँकेत असलेल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून ती अलिबागकडून कोल्हापुरात आली. दोन मुली, दोघी कॉलेजला जाणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "कुठल्या म्हणायचं तुम्ही?"

"बेने इस्राएल. ज्यू. आमच्या गावाकडे शनिवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे होते ना, ते शनिवारी बंद असायचे."

"आणि आता घाणा न्हाय, तर काय बंद ठेवता?"

"चूल," ती हसून म्हणाली.

मी तिथंच पिशवी घेऊन उभी होते. लग्नाला बावीस वर्षं झाली होती माझ्या. आमच्या मालकांना भाकरी तव्यावरनं थेट ताटात पडायला लागते. डब्यातली भाकरी दिली तर ते काही बोलत नाहीत, नुसती उलटी-पालटी करून बघतात. ते बघणं मला बोलण्यापेक्षा लागतं. चूल बंद ठेवायला देवच सांगतो, असं घर मी पहिल्यांदा ऐकत होते.

हळूहळू तिच्याकडं जाणं-येणं वाढलं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिचा सगळा स्वयंपाक तयार. वालाचं बिरडं, नारळाच्या दुधातला भात, अंड्याचं कालवण. मटण नाहीच, कारण त्यांच्या पद्धतीनं कापणारं माणूस इथं मिळत नाही. कोल्हापुरात राहून मटण न खाणारं घर म्हणून आमच्या मालकांना त्यांची फार कीव यायची. सगळी भांडी ती विजेच्या एका सपाट शेगडीवर ठेवायची. तिला ना बटण ना जाळ, प्लग लावला की मंद तापत राहायची. शनिवारी दुपारी झाकण उघडलं तरी वाफ यायची. आणि चौघं एकदम जेवायला बसायची. हेच मला बघवायचं नाही. आई वाढते आणि बाकीचे जेवतात असं नाही, चौघंही बसलेली. जेवण झालं की ती चटईवर पडून पुस्तक वाचायची, नाहीतर गाणी म्हणायची. भिंतीपलीकडनं मला ऐकू यायची.

त्या वर्षी त्यांचा नव्याचा सण, म्हणजे नवं वर्ष, आणि आमची घटस्थापना एकाच दिवशी आली, गुरुवारी. त्यांचा सण दोन दिवसांचा आणि त्याला लागून शनिवार, म्हणजे ओळीनं तीन दिवस. बुधवारी मी परात मागायला गेले तर ती घामानं भिजली होती. सकाळपासून उभी होती. गॅसची एक शेगडी बारीक करून ठेवली होती, ती आता शुक्रवार संध्याकाळपर्यंत विझवायची नाही. सणाला पेटलेल्या आगीवर रांधायला चालतं, पण नवी काडी ओढायची नाही. शनिवारी मात्र रांधायचंच नाही, आधी शिजलेलं फक्त गरम राहू द्यायचं. एका ताटलीत तिनं उकडलेलं अंडं आणि चपाती झाकून ठेवली.

"हे कशाला?"

"शनिवारचा स्वयंपाक आजच सुरू झाला, असं. मग उद्या-परवाच्या सणात शनिवारचं रांधलं तरी चालतं."

"आणि मधेच लाईट गेली तर? आमच्यापैकी कुणाला तरी सांगायचं, झालं."

"तसं सांगता येत नाही वहिनी. 'हे करा' असं म्हणायचं नसतं." एवढं बोलून ती कांदा परतायला वळली.

तिचं ते दिवसभराचं उभं राहणं मी बघितलं होतं. पण हेवा करायला बसलं की माणूस असलं काही धरत नाही.

आमच्याकडं नवरात्र म्हणजे पावणं. अंबाबाईच्या दर्शनाला माझ्या माहेरची पेठ वडगावची माणसं, नणंदेच्या सासरची जयसिंगपूरची माणसं, त्यांच्या ओळखीची माणसं. सगळी दर्शनाच्या रांगेतनं दमून येणार आणि गरम भाकरीला बसणार. मला नऊ दिवसांचा उपवास. पोटात शेंगदाण्याचे दोन लाडू आणि हातात सारखं पीठ. घटापुढचा नंदादीप विझू नये म्हणून सासूबाई तिथनं हलत नव्हत्या, त्यामुळं त्यांची मदत नाही.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मी भाजी घेऊन परत येत होते. जिन्याखाली सगळ्यांची मीटरं आहेत. ओळीतली बाकीची बटणं वर होती, एकच खाली पडलेलं. त्याखाली तिच्या फ्लॅटचा नंबर. रात्री पाऊस झाला की ते कधी कधी पडतं. नुसतं बोटानं वर करायचं. मी पिशवी खाली ठेवली, आणि परत उचलली.

वर गेले तर ती दारात उभी.

"आमच्याकडे लाईट गेलीये वाटतं," ती म्हणाली. माझ्याकडं बघून, पण काही न मागता.

"व्हय? येईल की," मी म्हणाले आणि घरात गेले.

त्या दिवशी बारा पावणं जेवले. भाकऱ्या थापताना माझा सगळा कान भिंतीकडं होता. गाणं आलं नाही. हसणं आलं नाही. एकदा तिचा आवाज चढलेला ऐकू आला, मग एक दार आपटलं. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. एक दिवस तीही गार जेवू दे, एवढाच विचार होता. चारच्या पुढं मी खाली गेले आणि बटण वर केलं. तोवर त्यांची जेवणं होऊन गेली होती. वर येऊन हात-पाय धुतले, घटाला माळ वाहिली, आणि देवीच्या तोंडाकडं काही बघवेना.

पुढचे पाच-सहा दिवस मी दाराचा आवाज ऐकूनच बाहेर पडायची, म्हणजे तिची गाठ पडू नये. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, बेल वाजली. तीच होती.

"उद्या आमचा दरफाळणीचा सण," ती म्हणाली. "दार लावून दिवसभर उपवास. त्याच्याआधी माणसांची माफी मागायची असते. वर्षभरात माझ्या बोलण्या-वागण्यातनं तुम्हाला काही लागलं असेल, तर माफ करा वहिनी."

माफी मी मागायची, आणि तिथंही ती माझ्या पुढं! मला रडूच आलं. मी तिला आत ओढलं आणि सांगून टाकलं.

"त्या शनिवारी लाईट गेली न्हवती, ताई. खाली बटण पडलं होतं. मी बघितलं होतं."

ती खुर्चीच्या काठावर टेकली. मग म्हणाली, "मी मोठीवर ओरडले. बुधवारी प्लग तिनं लावला होता, नीट लावला नाहीस म्हणून लाईट गेली म्हटलं. ती जेवलीच नाही त्या दिवशी." तिनं विचारलं, "पण का?"

"तुमचं बसणं बघवत न्हवतं मला."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं, कोपरापर्यंत पीठ होतं. "मला राग आलाय," ती म्हणाली. "आज दिवस मावळायच्या आत माफ करायचंय. बघते." आणि गेली.

दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाचच्या सुमारास बेल वाजली. ती आंघोळ करून, पांढरी साडी नेसून उभी होती.

"केलं," ती म्हणाली, आणि वळून गेली.

माझी आणि माझ्या थोरल्या जावेची सात वर्षं बोलचाल नाही. कारण आता दोघींनाही धड आठवत नाही. आम्हाला कुणी दिवस मावळायच्या आतची मुदत घातली असती तर!

दसऱ्याला त्यांचं दार दिवसभर बंद होतं. संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर आतून भांड्यांचा आवाज आला, तशी मी आपट्याची पानं घेऊन गेले. आधी थोरल्या मुलीला सोनं दिलं आणि तिच्या आईसमोर सांगितलं, "प्लग तू नीटच लावला होतास बाळा. चूक माझी."

"आई, ऐकलंस?" ती ओरडली. "आता ते वाक्य मला परत ऐकवायचं नाही!"

आई कोचावर बसली होती, उपवासानं तोंड सुकलेलं. नवऱ्यानं गॅस पेटवला, चहा टाकला, आलं ठेचून घातलं. पहिला कप तिला आणून दिला, कपाला हात लावून गरम आहे ना बघितलं. मी हातातली उरलेली पानं धरून तिथंच उभी होते.

"वहिनी, बसा की," तो म्हणाला. "तुम्हालाही ओततो."

मी बसले. आयता चहा प्याले. तोवर आमच्या दारातनं हाक आली, जयसिंगपूरची माणसं परत आली होती.