बु यांतीची पाठ

पडद्यावर बु यांतीची उघडी पाठ होती. भिंतभर मोठी केलेली.

मानेपासून कमरेपर्यंत तिरपे लाल पट्टे. डाव्या खांद्यावर भाजल्याचा जुना डाग. चेहरा नव्हता. कॅनडातल्या मार्कहॅममधल्या त्या हॉलमध्ये पुढच्या रांगांत इंडोनेशियन कुटुंबं बसली होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, त्यांचे नवरे, दीर, मशिदीतली दोन वयस्कर माणसं. मागे युनिव्हर्सिटीचे लोक. आणि भिंतीला टेकून मी उभी, हातात समोशांचा ट्रे. "तू जरा खाण्याचं बघ," असं ताईंनी सांगितलं होतं म्हणून.

ताई म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. मूळच्या पुण्याच्या, इथे प्राध्यापक. इंडोनेशियन वस्तीतले नेहमीचे आजार आणि घरगुती उपचार, असा त्यांचा अभ्यास. त्यासाठी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजायचं, बायकांशी बोलायचं, नोंदी लिहायचं काम माझं. वर्षभर मी ते केलं होतं.

ताई इंग्रजीत बोलत होत्या. शब्द न् शब्द आठवतो, मराठीत सांगते. पाठीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "औषधाऐवजी हे लोक नाण्यानं कातडी घासून घेतात. अशा घरांत शिरणं सोपं नसतं. पण आमची ही असिस्टंट बघा. हिची आई खेड्यात अडाणी दाई होती. त्यामुळे असल्या लोकांत मिसळणं हिच्या रक्तातच आहे."

मागच्या रांगांतून कौतुकाचं हसू आलं. एकानं टाळी वाजवली. मीही ट्रे धरून हसले. हसले! त्या हसण्याचा राग अजून जात नाही.

पुढच्या रांगांत मात्र कुणी हसलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या. चेहरा झाकला की माणूस झाकला, असं युनिव्हर्सिटीला वाटलं होतं. पण या बायका आजारपणात एकमेकींच्या पाठी घासून देतात. कुणाच्या पाठीवर कुठे तीळ, कुठे डाग, हे त्यांना तोंडपाठ असतं. यांतीच्या खांद्यावर कढईतलं तेल उडालं होतं, ते सगळ्या वस्तीला माहीत होतं.

यांती उठली. तिच्याच घरी राहणारा तिचा दीर दुसऱ्या रांगेत बसला होता. मान खाली. पन्नाशीची बाई, घराबाहेर जिचा एक केस कुणी पाहिला नाही, तिची पाठ मशिदीतल्या माणसांसमोर भिंतीवर उघडी पडली होती. ती माझ्यासमोरून गेली. थांबली.

"सुस्तर," ती म्हणाली, "यू सेड नोबडी सी."

आणि गेली.

सुस्तर म्हणजे त्यांच्या भाषेत नर्स. कॅनडात मला नर्स म्हणणारी ती एकटी बाई.

लातूरला मी नर्सिंग केलं. सहा वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळला. इथे आले ती कॉलेजच्या व्हिसावर. इथलं रजिस्ट्रेशन व्हायचं होतं, तोवर व्हिटबी गावात वृद्धांना अंघोळी घालण्याचं काम केलं. कामाची लाज नव्हती. पण हातात थर्मामीटर घेतला तरी कुणीतरी म्हणायचं, "ते नर्स बघेल, तू राहू दे."

ताई भेटल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात. त्यांनी आधी नाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकून एक क्षण थांबल्या आणि मग जरा जास्तच गोड हसल्या. तो क्षण मला ओळखीचा होता. लहानपणापासून ओळखीचा. तरी मी तो सोडून दिला, कारण पुढच्याच वाक्यात त्यांनी मला काम देऊ केलं. "आणि मॅडम वगैरे नको हं. ताई म्हण. आपण इथे असलं काही मानत नाही."

असलं म्हणजे कसलं, ते मी विचारलं नाही. मला मोठी बहीण मिळाली होती ना!

भेटीगाठींना जाताना कधी कधी ताई स्वतः गाडीनं सोडायच्या. एका दुपारी त्यांनी माझ्या आईबद्दल विचारलं. कॅनडात मी आईबद्दल कुणाशी बोलले नव्हते. त्या दिवशी सांगितलं. आई सुईणपण करायची. वरच्या आळीत कुणी बाळंत व्हायची असली की निरोप यायचा. आई मागच्या दारानं आत जायची. रात्रभर बाईला धीर द्यायची, नाळ कापायची, बाळाला न्हाऊ घालायची. बाळ कोरडं होऊन आजीच्या मांडीवर गेलं की आईचं काम संपलं. ती बसली होती तिथे गोमूत्र शिंपडायचे. पदरात ज्वारी वरून टाकायचे. ज्या पोरांना या जगात पहिला हात माझ्या आईचा लागला, तीच पोरं मोठी होऊन तिच्या वाटेतून अंग चोरून जायची. तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नाही. हे मी ताईंना दोनदा सांगितलं. त्याचा मला अभिमान होता.

ताईंनी एका प्लाझाच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली. डोळे पुसले. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, कुणीतरी ऐकलं एकदाचं.

ऐकलंच होतं त्यांनी. नीट, लक्षात राहील असं.

यांतीनं पहिल्या तीन वेळा मला दारातूनच परत पाठवलं. चौथ्यांदा तिला चक्कर येत होती म्हणून आत घेतलं. मी रक्तदाब मोजला, खूप चढलेला होता. तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या. ती रोज नेमानं घ्यायची. तिथून आमचं जमलं. सगळ्या तिला बु यांती म्हणत. बु म्हणजे आपल्याकडे मावशी म्हणतो तसं. मीही म्हणू लागले.

ती जवळच्या वॉन शहरात गोठवलेल्या अन्नाच्या गोदामात काम करायची. आठ तास शीतगृहात. हातमोजे घालूनही बोटं बधिर. आजारी पडलं तर रजा नाही, दोनदा नाही आलात तर तिसऱ्यांदा बोलावणं नाही. संध्याकाळी घरी आली की अंग मोडून यायचं, मान धरायची, पोट फुगायचं. त्याला त्या म्हणतात मासूक आंगिन, अंगात वारं शिरलं. मला हसू आलं नाही. माझी आई बाळंतिणीचे कान घट्ट बांधायची आणि म्हणायची, "पोरी, झाकून घे, वारं लागंल."

वारं काढायचा त्यांचा उपाय म्हणजे पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेनं ओढायचं. लाल पट्टे उठतात, दुखत नाही, दोन-चार दिवसांत जातात. मला खोकला झाला तेव्हा यांतीनं मला पालथं झोपवलं आणि माझी पाठ घासली. तेलाला निलगिरीसारखा वास होता. कॅनडात आल्यापासून मी दुसऱ्यांचीच शरीरं धुतली, तपासली होती, पण माझ्या अंगाला कुणाचा असा मायेचा हात लागला नव्हता. मी रडले. यांती म्हणाली, "गुड, सुस्तर. विंड गोइंग आउट."

हे मी ताईंना सांगितलं. त्या खूश झाल्या. "एक फोटो मिळव ना. फक्त आपल्या रेकॉर्डसाठी, कुठे दाखवणार नाही."

मी यांतीकडे गेले. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "तू बघितलंस तर चालेल. दुसरं कुणी नाही."

मी म्हटलं, "नोबडी विल सी." आणि माझ्या फोननं फोटो काढला.

ही माझी चूक. ती मी ताईंच्या माथी मारणार नाही. दुसऱ्याच्या शब्दावर मी माझा शब्द दिला.

माझ्या नोंदीत सगळं होतं. शीतगृह, रजा नसणं, रोजच्या गोळ्या, क्लिनिकला गेलं तर बुडणारी शिफ्ट. बाया नाणं वापरतात ते औषध नको म्हणून नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उभं राहायचं असतं म्हणून, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. हॉलमधल्या भिंतीवर त्यातलं काहीच आलं नाही. गोदामाचा ग सुद्धा नव्हता. गोळ्या नव्हत्या. होती फक्त यांतीची पाठ आणि माझी आई. दोघींना शेजारी शेजारी मांडलं होतं, अडाणी बायकांचा नमुना म्हणून.

कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी मी यांतीच्या दारात गेले. तिनं साखळी न काढता दार किलकिलं केलं. मी सॉरी म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा दीर घरी आला नाही. फोन पण उचलत नाही. तू आता येऊ नको." आणि दार लावलं. मी ते दार परत वाजवलं नाही. तो हक्क मी गमावला होता.

सोमवारी ताईंनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक फॉर्म होता, माझं नाव आधीच टाइप केलेलं. मला वाटलं होतं, त्या अस्वस्थ असतील. त्या कॉफी पीत होत्या.

"हे बघ, छोटीशी फॉर्मॅलिटी आहे. एथिक्स कमिटीकडून ईमेल आलाय, हॉलमधल्या कुणीतरी कम्प्लेंट केलीय. त्या बाईनं फोटो दाखवायला वर्बल कन्सेंट दिली होती, एवढंच तू साइन कर. तारीख मार्चची टाक, फोटो काढला तेव्हाची."

"तिनं दिली नव्हती, ताई."

"अगं, चेहरा कुठे दिसतोय?"

"त्या बायका पाठी ओळखतात. मी लिहिलं होतं नोंदीत."

"तू बरंच काही लिहितेस." त्या हसल्या. "प्लीज, ड्रामा नको. तुझं पीआरचं लेटर मी या आठवड्यात करणारच होते."

आता सांगते ते नीट ऐका. माझ्या वर्क परमिटचे चार महिने उरले होते. इथे कायम राहण्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज करायचा, तर वर्षभराच्या या कामाचं पत्र लागणार होतं. त्यावर सही फक्त ताईंची चालणार होती. माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही त्यानंतरच. म्हणजे त्या फॉर्मवर माझी सही झाली की ताईंची सही होणार. इतकं सोपं.

मी विचारलं, "आणि माझ्या आईबद्दल का बोललात?"

त्यांना खरंच कळलं नाही. "काय बोलले? आय वॉज गिव्हिंग यू क्रेडिट! तुझ्या बॅकग्राउंडमुळे ॲक्सेस मिळाला, हे सांगायला नको?"

"अडाणी म्हणालात."

"मग काय शिकलेली होती?"

मी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. पेन ठेवून दिलं. मग त्यांचा आवाज बदलला. ताई गेली आणि आत जी कोण होती ती बाहेर आली.

"तुमच्यात ना हेच असतं. एवढं जवळ केलं, बरोबरीनं बसवलं, तरी मनातली अढी काही जात नाही."

तुमच्यात.

बरोबरीनं बसवलं! सगळा हॉल बसला होता तेव्हा मी समोशांचा ट्रे घेऊन उभी होते. वर्षभरात प्रकल्पाच्या एकाही मीटिंगला मला खुर्ची नव्हती. मी नोंदी द्यायच्या आणि जायचं. त्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले होते, तेव्हाही बेसमेंटमध्ये मुलांकडे लक्ष द्यायला बसवलं होतं. मी ते सगळं दिसत असून बघितलं नाही. कारण मला बहीण हवी होती. माझ्या आईला निदान फसवलं तरी नव्हतं कुणी. तिला मागचं दार उघड दाखवायचे. मला पुढच्या दारानं हात धरून आत नेलं आणि काम झाल्यावर तिथेच बसवलं, जिथे गोमूत्र शिंपडतात.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडले नाही. म्हटलं, "मॅडम, मी सही करणार नाही."

"विचार कर. लेटरचं मग मला बघावं लागेल."

"बघा."

मी घरी आले. मी भाड्यानं राहते त्या बेसमेंटमधल्या माझ्या टेबलाशी बसले आणि एथिक्स कमिटीला ईमेल लिहिला. माझ्या इंग्रजीत. कुणाकडून तपासून घेतला नाही. फोटो मी काढला. कुणी बघणार नाही असं मी सांगितलं. दाखवायची परवानगी कुणीही घेतली नव्हती. ती बाई औषध घेते, त्याची नोंद मी केली होती, ती वगळली आहे. गोदामाची नोंद मी केली होती, ती वगळली आहे. माझ्या आईची माहिती मी खाजगीत दिली होती, ती प्रकल्पातून काढा. मला मागच्या तारखेची सही करायला सांगितलं, तो फॉर्म कुठल्या टेबलावर आहे तेही लिहिलं. खाली पूर्ण नाव टाकलं. आडनावासकट. त्याखाली लिहिलं, नर्स.

पाठवायच्या बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले. भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू? लातूरला भावानं घरावर माझ्या भरवशावर पत्रे चढवले आहेत. मग पाठवला.

पत्र मिळालं नाही. मिळणार नाही. बोलावणं मात्र आलं आहे, गुरुवारी समितीपुढे. मॅडम तिथे असतील. फोटो काढणारी हीच, असं त्या म्हणतील. म्हणू देत, ते खरं आहे, मी ते त्यांच्याआधी सांगेन. मग उरलेलं सगळं सांगेन. यांतीनं मला माफ करावं म्हणून नाही. ती करणार नाही आणि मी मागायला जाणारही नाही.

चार महिन्यांनी मला हा देश सोडावा लागला तर सोडेन. पण मॅडम, ती पाठ तुम्हाला माझ्या सहीनं मिळणार नाही. माझी आईही नाही.