हिरवा चहा आणि मोहाखालची हाक

आई पोंभुर्ण्याला माझ्याकडे राहायला आली तेव्हा ती मला नुसतंच "बाई" म्हणायची. पोटच्या पोरीला. मला राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची.

मी नर्स. घरगुती रामबाण उपाय घेऊन येणाऱ्यांची मी नेहमी थट्टा करते. तरी हिरव्या चहातलं एक द्रव्य विसरण्याच्या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांच्या गुठळ्या सैल करतं, असं वाचलं आणि पुडा घेऊन आले. हे काचेच्या नळीत दिसलंय, माणसात सिद्ध झालेलं नाही, असंही खाली लिहिलं होतं. बुडत्याला काडीचा आधार.

"गवताचं पानी पाजून राह्यली मले," आई कुरकुरायची, पण प्यायची.

महिन्याभराने, भर दुपारी, ती अंगणात उभी राहून हाक मारू लागली. "हूऽऽ." मग कान द्यायची. मोहफुलं वेचताना बाया अशीच हाक देतात. जंगल वाघाचं, आणि वाकून वेचणारीला शेजारीण दिसत नाही. चौघी गेल्या तर एकीने हाक द्यायची, बाकी तिघींनी ओ. एक जरी ओ कमी पडली तरी टोपल्या उचलून सगळ्या परत. माझ्या जन्माआधी आईची मैत्रीण तिथेच वाघाने नेली, आणि घरी निघेपर्यंत कोणाला कळलं नव्हतं, एवढं मी ऐकून होते.

आई बोटं मोजायची. एक, दोन. तिसऱ्यापाशी थांबून मागच्या सागवानाकडे बघत राहायची. तिकडे पानही हलत नसे.

आठवड्याने तिने मला माझ्या नावाने हाक मारली. मला रडूच आलं. तिची नजर अगदी स्वच्छ होती. चहाचा गुण की अशा रोग्यांना मधूनच येतो तसा एक चांगला दिवस, मला सांगता येणार नाही.

"त्या दिवशी हाक आली," ती म्हणाली. "माह्या त्या मैत्रिणीनं ओ देल्लीच नाई. तिले गप राह्याची खोड होती. मोहाचा सडा पडला होता, वापस कोन जाते? मीच देल्ली दोनदा. एकदा माही, एकदा तिच्या आवाजात."

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"इसरली होती मी. काऊन पाजलं मले?"

संध्याकाळी ती पुन्हा अंगणात गेली. हाक दिली. एक, दोन, आणि तिसऱ्या बोटाशी अडकली. मला ते बघवेना. मी दारातून ओ दिली.

ती वळली नाही. "तूबी खोटी ओ देऊन राह्यली काय वो?" एवढंच म्हणाली.