भरतीआधीचा शिशाचा हातोडा

होडी खाडीकाठच्या चिखलात कलती टेकली होती आणि मी तिच्या पोटात, इंजिनाच्या मागे, उकिडवा बसलो होतो. समोर भावोजी लोखंडी घणाने शाफ्टचे टोक ठोकत होते. प्रत्येक घावाला घण उसळून मागे येई आणि शाफ्ट जागचा हलत नसे.

मासेमारीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. खडकाला होडीचा पंखा लागून त्याला फिरवणारा शाफ्ट वाकला होता. नवा मी माझ्या लेथवर करून आणला होता आणि पंखा त्याला बसवूनही ठेवला होता. काम तसे ठरलेले. ओहोटीत होडी टेकवायची, सुकाण काढायचे, जुना शाफ्ट मागच्या नळीतून बाहेर ठोकायचा, नवा आत सरकवायचा आणि भरती यायच्या आत पाणी अडवणारे पॅकिंग आवळायचे. जुना शाफ्ट बोटभर सरकला आणि अडकला. ती नळी म्हणजे होडीच्या बुडाला पाडलेले भोकच. पॅकिंग आम्ही आधीच सोडले होते. शाफ्ट असाच अर्धवट राहिला असता, तर भरतीचे पाणी थेट इंजिनावर आले असते.

मी बॅटरी जवळ नेली. शाफ्टचे टोक खिळ्याच्या डोक्यासारखे पसरायला लागले होते.

"भावोजी, पुरे. आणखी ठोकलात तर ह्यां टोक नळीत्सून जावचाच नाय."

"मग काय हातान ओढू? भरती काय तुझी वाट बघतली?"

लाकडाचा ठोकळा मधे धरून पाहिला, तो दोन घावांत उभा चिरला. माझा पितळी हातोडा अगदीच हलका. इथे जड आणि मऊ असे काहीतरी हवे होते, लोखंडाला न पसरवणारे, न उसळणारे. म्हणजे शिसे. मी कानशीने टोकाचा फुगवटा घासून काढला आणि खाली उतरलो.

माझा वर्कशॉप म्हणजे काठावरचाच आमचा जुना मांगर, सामान ठेवायचे कौलारू खोपटे. ताई, माझी थोरली बहीण, दारातच उभी होती. घणाचे आवाज आणि नवऱ्याचा चढलेला सूर तिला तिथवर ऐकू येत होता.

"ताये, कोपऱ्यातल्या जुन्या जाळ्याची शिशा कापून दी. सगळी."

ती लगेच कोयती घेऊन बसली. जाळे बुडवण्यासाठी दोरीत ओवलेले ते शिशाचे लांबट मणी भराभर सुटू लागले. मी साच्यासाठी आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा शोधला, दांड्यासाठी पाइपाच्या तुकड्याला टोकाशी आरपार भोके पाडली, म्हणजे शिसे त्यांतून शिरून पाइपाला घट्ट धरील. भट्टी पेटवून लोखंडी कढई चढवली. बाहेर श्रावणातली भुरभुर चालूच होती आणि मांगराचे कौल एका ठिकाणी गळत होते, नेमके जाळ्यावर.

त्याचीच मला धास्ती होती. कुडाळला ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो, त्यांचा डावा डोळा वितळलेल्या शिशात पडलेल्या पाण्याने गेला होता. पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसे तोफेसारखे वर उडते. म्हणून मी मणी पत्र्यावर पसरून निखाऱ्यांच्या कडेला सुकवून मुठी-मुठीने कढईत सोडत होतो. डबाही उलटा करून तापवत ठेवला होता.

भावोजी वर आले, गुडघ्यापर्यंत चिखल.

"पाणी वळला. अजून तू मणी शेकतस?"

"ओले आसत. दोरीच्या भोकात पाणी रवता. सुकल्याशिवाय घालूक नाय."

"समुद्रात रवतत ते, ओले आसतलेच! शिशाक पाण्यान काय होता?"

"भावोजी, हात लावू नकात."

कढईतले शिसे तोवर आरशासारखे चकाकू लागले होते. मी वरचा मळ काढायला पळी घेण्यासाठी वळलो. ताईची "नको हो!" अशी हाक आणि तो स्फोट एकदमच झाला. भावोजींनी कोयतीजवळचे ओंजळभर मणी सरळ कढईत टाकले होते.

कढईतून चांदीचा फवारा कौलांपर्यंत गेला. मी ताईला खांद्याने ढकलले आणि दोघे लेथमागे पडलो. कौलांवरून शिशाचे थेंब टपटप जमिनीवर पडत होते आणि पडल्या जागी माती चुरचुरत होती. माझ्या कोपराजवळ सदरा जळून आत काहीतरी चावल्यासारखे झाले. मी ताईचे तोंड दोन्ही हातांत धरले. उजवी भुवई अर्धी करपली होती. तिने डोळे गच्च मिटले होते.

"ताये, डोळे उघड. गो, उघड आधी!"

तिने उघडले. एक, मग दुसरा. पांढरे स्वच्छ होते. तिने माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. भावोजी भिंतीला चिकटून उभे होते. त्यांना थेंबही लागला नव्हता. 

"आता तुमी भायर बसा," ताई म्हणाली. एवढेच.

अर्धे शिसे उडून गेले होते. उरलेले मणी तिने स्वतः शेकले, एकेक उचलून, भोकातून फुंकर मारून. मला घाई करावीशी वाटत होती, कारण दारातून खाडी दिसत होती आणि चिखलाच्या कडेने पाण्याची जीभ पुढे सरकत होती.  पण शेवटचा मणी वितळेपर्यंत मी कढई उचलली नाही.

पाइप डब्यात उभा ठेवून मी ओतले. शिसे डब्यात शिरले, पाइपाभोवती बसले, आणि वरचा चकाकता गोल हळूहळू मंद होत राखाडी झाला. गोळा पुरता आळल्यावर कात्रीने डबा कापून सोलला. ओबडधोबड, तीनेक किलोचा हातोडा.

होडीच्या मागच्या टोकाला तोवर पाणी टेकले होते. भावोजी त्यात पोटरीभर उभे राहून पान्याने शाफ्ट फिरवत होते. मी आत शिरून घाव घातला. धप्प. हातोडा उसळला नाही, सगळा जोर आत गेला. दुसरा. तिसरा. शिसे चेपत होते, शाफ्टचे टोक मात्र होते तसेच.

"शाफ्ट हल्लो काय?" मी आतून ओरडलो.

"नाय!"

मी किती ठोकले ठाऊक नाही. कोपराची भाजलेली जागा फुटून सदरा ओला झाला. मग बाहेरून वेगळाच आवाज आला.

"हल्लो! हल्लो रे, मार!"

शाफ्ट सुटला तसा नळीतून पाण्याचा दांडका माझ्या छातीवर आला. पाणी नळीच्या वर चढले होते. मी तळहात दाबून धरला. भावोजी नवा शाफ्ट पाण्याखाली चाचपडत भोकाशी आणत होते. त्यांना दिसत काहीच नव्हते. टोक दोनदा फळीवर आपटले.

"उजवीकडे! वायच वर! भावोजी, माझ्या बोटांक लागता बघा, थंयच!"

बोटे काढली आणि शाफ्ट आत आला. ग्रीस लावलेली पॅकिंगची दोरी मी गुंडाळून ठासली, नट आवळले. धार बारीक झाली, मग थेंब, मग तोही थांबला. इंजिनाच्या पायाशी पाणी येऊन पोचले होते. ताई केव्हाच आत चढून बादलीने उपसत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

होडी चिखलातून उचलली गेली तेव्हा आम्ही तिघेही फळीवर बसून होतो. इंजिन जोडून चालू व्हायला संध्याकाळ झाली. भावोजींनी माझा हात उलटा करून भाजलेली जागा पाहिली, खोबरेल आणायला सांगितले आणि स्वतःच लावले. लावताना म्हणाले, "माका खराच म्हायती नव्हता रे."   दोन दिवस ताई त्यांच्याशी बोलत नव्हती, हे मला नंतर कळले.

शेजारणींनी भुवईचे विचारले तेव्हा तिने वडे तळताना तेल उडाले म्हणून सांगितले. भावोजी ओसरीवर बसून ऐकत होते. ते उठले, आत गेले आणि तिच्यासाठी चहा टाकला. एवढ्या वर्षांत त्यांना चुलीजवळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.