लासिनेमचा गळा

तंबाखूच्या दुसऱ्या तोडणीच्या दिवसांत मला पहिल्यांदा भीती वाटली. आम्ही दोघी कातरलेल्या तंबाखूच्या ताट्या उन्हाला लावत होतो. बांबूची ताटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची, माचापर्यंत न्यायची आणि वर सरकवायची. लासिनेम हे काम तीस वर्षं करत आली होती. त्या दिवशी तिने ताटी वर उचलली आणि तिचा चेहरा बघता बघता वांग्यासारखा जांभळा झाला. मानेवरच्या शिरा टरारून फुगल्या. ताटी कशीबशी खाली टेकवून ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने रंग उतरला.

"काय झालं गं, यू?" मी विचारलं. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला यू म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"काही नाही. म्हातारी झाले. तू ढगांकडे बघ, माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

आमची वस्ती जावा बेटावर, तेमांगुंग शहराच्या वर, सुंबिंग डोंगराच्या उतारावर आहे. इकडे गलगंडाचं कुणाला नवल नव्हतं. मिठात आयोडिन यायला लागल्यापासून पोरांमध्ये तो दिसेनासा झाला, पण पन्नाशीच्या बायकांच्या गळ्यावर अजून होता. लासिनेमच्या आईला होता, आजीला होता, आणि तिला स्वतःला लग्नाआधीपासून होता. तिला त्याची लाज नव्हती. एकदा तंबाखूचा व्यापारी सगळ्यांसमोर म्हणाला, "काय लासिनेम, गळ्यात पेरू लपवलाय की काय?"

"लपवलाय ना. पण तुझ्या काट्यावर ठेवला तर निम्माच भरेल."

व्यापारी सोडून सगळे हसले. अशी ती होती. तंबाखू पसरण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. पानाचा कीस ताटीवर असा एकसारखा बसवायची की मधे बोट घालायला फट सापडू नये.

पण त्या मोसमात ती पाहुण्यासारखी गप्प गप्प राहायला लागली. बोलली तर आवाज फाटल्यासारखा यायचा. सर्दी झालीय म्हणायची. ती सर्दी दोन महिने हटली नाही. दुपारी मक्याचा भात खाताना प्रत्येक घासावर पाणी प्यायची आणि डोळे मिटून गिळायची. एका सकाळी मी तिच्याकडे पाटी मागायला गेले, तर अंथरुणावर भिंतीला टेकवून चार उशा रचलेल्या.

"बसून झोपतेस?"

"आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं," ती म्हणाली, आणि लगेच, "कांगला सांगू नकोस."

कांग म्हणजे तिचा नवरा वागिमिन. तंबाखू कातरणारा, दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. त्याच घरात झोपणाऱ्याला काय सांगू नकोस, मला कळेना.

तिने डोक्यावरचा रुमाल सैल केला. डावीकडची गाठ पूर्वीसारखीच मऊ होती. उजवीकडची, रमजानात लिंबाएवढी असलेली, आता मुठीएवढी झाली होती. मी हात लावला. टणक होती, कच्च्या फणसासारखी.

"यू, चल, दाखवू या."

"कुणाला दाखवू? तुकियेमलाही डॉक्टरला दाखवलं होतं ना?"

तुकियेम खालच्या वस्तीतली. वीस वर्षांपूर्वी तिचा गळा कापून गाठ काढली होती. ती घरी आली ती कुजबुजतच, आणि मरेपर्यंत कुजबुजत राहिली. आमच्यातल्या प्रत्येक गलगंडवाल्या बाईला शस्त्रक्रिया म्हटलं की तुकियेम आठवायची.

तरी महिन्याच्या तपासणीच्या दिवशी मी तिला ओढत नेलं. गावच्या सुईणबाई एंदाह, इकडे बाईंना बू किंवा इबू म्हणतात म्हणून बू एंदाह, यांनी आधी रक्त तपासून घेतलं. आठवड्याने निकाल आला, सगळं ठीक. लासिनेमचा चेहरा उजळला. "बघ! रक्त चांगलंय. उगाच घाबरवलंस."

बू एंदाह हसल्या नाहीत. "रक्त चांगलं म्हणजे गळ्यातली ग्रंथी काम बरं करतेय एवढंच. ती कुठवर वाढलीय ते रक्तात दिसत नाही. दोन्ही हात वर करा, कानांना चिकटवून. मी सांगेपर्यंत तसेच ठेवा."

लासिनेमने हात वर केले. बाईंनी घड्याळ पाहिलं. अर्धं मिनिट झालं नसेल, तिचा चेहरा पुन्हा तसाच काळानिळा झाला. डोळे पुढे आले. श्वास घेताना घशातून बारीक शिट्टी वाजायला लागली.

"खाली घ्या! खाली घ्या!" बाई स्वतःच तिचे हात धरून खाली आणत म्हणाल्या. मग पाणी देऊन शांतपणे समजावलं. "प्रत्येक गलगंडाला सुरी लागत नाही, इबू. कितीतरी बायकांना मी नुसतं बघत राहा म्हणते. पण तुमची गाठ चार महिन्यांत वाढली, टणक झाली, आवाज बदलला, घास अडकतो, आडवं पडवत नाही. आणि हात वर केल्यावर असं होतं म्हणजे ती बहुतेक छातीच्या हाडामागे उतरलीय, श्वासाची वाट दाबतेय. शल्यचिकित्सकाला दाखवायलाच हवं. याच आठवड्यात."

आम्ही बाहेर बाकावर बसलो.

"ती शिट्टी ऐकलीस, जुम?"

"ऐकली."

"माझी आई शेवटचे दोन महिने अशीच वाजत होती. दम्याने गेली म्हणाले सगळे. मी डॉक्टर आणला नाही, दम्याचं औषध केलं नाही, नुसती तिच्याजवळ बसून ती शिट्टी ऐकली. आता गेले तीन आठवडे माझ्यातून ऐकू येतेय." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "कापलं तर तुकियेम होईन. नाही कापलं तर आई."

घरी वागिमिनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पीक उतरू दे. दीड महिना." लासिनेमने लगेच मान डोलावली. तिला ती मुदत हवीच होती.

बारा दिवस गेले. वस्तीतल्या छोट्या मशिदीत आम्ही बायका असरच्या, दुपार कलतानाच्या नमाजाला उभ्या होतो. लासिनेम माझ्या डाव्या हाताला. सजद्यात गेलो, कपाळं चटईला टेकली. सगळ्या उठल्या, ती उठली नाही. मला वाटलं, काही मागत असेल. मग तिची बोटं चटईवर ओरबाडताना दिसली. मी नमाज मोडला आणि तिला खांद्यांना धरून उलटवलं. ओठ निळे. तोंड उघडं, पण हवा आत जात नव्हती. मी तिला ताठ बसवलं, पाठीमागून धरलं आणि ओरडले. कितीतरी वेळाने, मला तसं वाटलं, शिट्टी वाजली. त्या आवाजाने मी रडलेच.

वागिमिन हातात कातरायचा सुरा तसाच घेऊन धावत आला होता. तो सुरा त्याने मशिदीच्या पायरीवर टाकला. "पीक राहू दे," म्हणाला. लोकांनी पिकअप गाडी आणली. वागिमिनने आणि मी तिला आमच्या मधे ताठ बसवून खाली शहरात नेलं.

मोठ्या दवाखान्यात तिला लगेच ऑक्सिजन लावला, गळ्याचे-छातीचे फोटो काढले. डॉक्टर हाप्सारी वयाने लहान होत्या, पण बोलणं सरळ. पडद्यावर त्यांनी दाखवलं. गाठ छातीत चार बोटं उतरलेली, आणि श्वासनलिका एका बाजूला ढकललेली, बारीक, शहाळ्यात घालायच्या नळीएवढी.

"माझा आवाज जाईल?" लासिनेमने विचारलं.

"आवाजाच्या नसा गाठीला लागूनच जातात. आम्ही त्या जपतो. बहुतेकांचा आवाज राहतो, पण मी शब्द देऊ शकत नाही. तुमच्या उजव्या नसेवर आधीच दाब आहे, म्हणून आवाज बसलाय. थांबलात तर तीही जाईल आणि श्वासही."

लासिनेमने वागिमिनकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "ती शिट्टी मला रोज ऐकू यायची. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही नाही बोललो." तिने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला आणि शेजारी आपलं नाव लिहिलं, वळणदार, एकेक अक्षर जपून.

शस्त्रक्रियेला पाच तास लागले. वागिमिन दाराकडे तोंड करून उभाच होता. मी दोनदा बसायला सांगितलं, त्याला ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून आम्हाला ओळखलं. बोलायला गेली तर नुसती हवा आली. तिच्या डोळ्यांत तुकियेम उभी राहिलेली मला दिसली. संध्याकाळी ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा ती मेल्यासारखी पांढरी पडली. नर्सने कॅल्शियमची सुई लावली, म्हणाली, "असं होतं कधीकधी, उतरेल." उतरलं. पण त्या तासाभरात तिने माझा हात सोडला नाही.

दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. उजव्या गाठीत हरभऱ्याएवढा कॅन्सर होता. ग्रंथी सगळी काढलीय, तो बाहेर पसरलेला दिसत नाही, सध्या फक्त नजर ठेवायची, असं डॉक्टर म्हणाल्या. आम्ही तिघांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

आवाज अडीच महिन्यांनी आला. पूर्वीचा नाही, जरा खोल आणि लवकर थकणारा. काढलेल्या ग्रंथीच्या बदली रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते, ती जन्मभर. दर सहा महिन्यांनी शहरात जावं लागतं, आणि जायच्या आदल्या आठवड्यात तिला भीतीने जेवण जात नाही.

तिची धाकटी बहीण कार्तियाह डोंगरापलीकडे वोनोसोबोजवळ राहते. तिलाही गलगंड आहे, आणि हल्ली गिळताना अडतं म्हणे. लासिनेम तीनदा बसने तिच्याकडे जाऊन आली. रुमाल बाजूला करून आपला व्रण तिला दाखवला. कार्तियाहने तोंड फिरवलं.

"कापणी झाल्यावर बघू," म्हणाली.

या रविवारी लासिनेम पुन्हा निघालीय. मी सोबत जाणार आहे. या खेपेला ती नुसतं सांगायला जात नाहीये. कार्तियाहच्या नवऱ्याला तिने निरोप धाडलाय, तिला दवाखान्यात न्यायला गाडी ठरवून ठेव म्हणून. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.