ताम्हनात घातलेली रिमोटची चावी

आमच्या सोसायटीत गेली तीन वर्षं एक गोष्ट खरी मानली जाते. सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या माणसानं माझ्या गाडीची चावी पाण्याच्या बादलीत पाडली आणि वर तोंड करून नाकबूल झाला, ही ती गोष्ट. ती मी पसरवली. ती खोटी आहे, आणि खोटी आहे हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर झालं. आता तरी नीट लिहून ठेवतो.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधण्याचा मला पगार मिळे. हे जन्मभर केलं की एक रोग जडतो. वस्तू बिघडली की ती उघडून बघण्याआधी माणूस आजूबाजूची माणसं बघू लागतो. आमच्याकडे याला अनुभव म्हणत. सोसायटीही असल्याच अनुभवी लोकांची. नोकरी सुटली, साहेबपण सुटलं नाही. लिफ्ट बंद पडली तर मेकॅनिकला फोन करण्याआधी शेवटचं बटण कोणी दाबलं याची चौकशी करणारे आम्ही.

गाड्या पुसणारा जवळच्या जांभूळ गावाहून सायकलनं येई. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. गाडी आतून पुसायची म्हणून सगळे चाव्या त्याच्याकडे सोपवत. त्यानं चारचाकीचा परवाना काढला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाचा आनंदनगरात छोटा कारखाना आहे. त्यानं याला सांगून ठेवलं होतं, दिवाळीनंतर ड्रायव्हर म्हणून ये. त्या नोकरीबद्दल तो कुणाशी फारसं बोलत नसे, पण दसऱ्याच्या आधीपासून दाढी रोज करून येऊ लागला होता. हे माझ्या लक्षात आलं होतं. तपासणीवाला ना मी!

दसऱ्याला मी पूजा केली. कारखान्यात या सणाला यंत्रांना हळदकुंकू वाहायचं, पण पाणी शिंपडायचं नाही, हा नियम नव्या कामगारांना मीच बजावून सांगत असे. घरी मात्र वडिलांपासून चालत आलेली रीत: पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि गाडीची चावी ताम्हनात ठेवून वर पळीपळीनं पाणी, मग हळद, कुंकू, अक्षता. जुन्या गाडीची चावी नुसतं लोखंड होती. तिनं वीस वर्षं हा अभिषेक सोसला. नवी गाडी बटणाच्या चावीची. मी तीही ताम्हनात घातली. बायको म्हणाली, "अहो, पाणी जरा बेतानं." मी म्हणालो, "मला शिकवू नकोस."

तीन दिवसांनी सकाळी खाली गेलो, बटण दाबलं. गाडी मुकी. जवळ जाऊन दाबलं, चावी हातावर आपटून दाबलं. रिमोटच्या पोटातल्या साध्या चावीनं दार उघडलं, तर आत बसून स्टार्टचं बटण दाबल्यावर चावी सापडत नाही असा इशारा समोर लागला. चावी माझ्या मुठीत होती.

"साहेब, सेल गेला असेल," शेजारची गाडी पुसता पुसता तो म्हणाला.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रुपयाच्या नाण्याएवढा सेल आणून बसवला. चालेना. उलटा बसवला. चालेना.

"दुसरी चावी असेल ना घरी? ती लावून बघा."

कपाटातली दुसरी चावी आणली. एका दाबात गाडी उघडली.

"म्हणजे गाडी चांगली आहे, साहेब. या चावीतच काहीतरी झालंय. उघडून बघू या का?"

हे सगळं खरं म्हणजे माझं काम. पायरी पायरीनं दोष वेगळा काढायचा. ते तो करत होता आणि मी दुसरंच करत होतो.

"काल चावी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे. आतून पुसली आणि वॉचमनला दिली."

"बादलीत पडली?"

"नाही साहेब."

"हात ओले होते?"

तो हसला. "गाड्या धुतो, साहेब. हात कोरडे कसे राहतील?"

"बस्स," मी म्हणालो. "झालं."

सेक्रेटरीला मी वर बोलावून मजकूर सांगितला आणि त्यानं तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ओल्या हातानं चावी हाताळल्याचं गाड्या पुसणाऱ्यानं मान्य केलं आहे, पाण्यात पाडल्याचं लपवत आहे, सर्वांनी आपापल्या चाव्या परत घ्याव्यात. वाक्यं माझी होती. अशी वाक्यं मला झोपेतही जमतात. संध्याकाळपर्यंत बावीसही घरांनी चाव्या परत घेतल्या. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

दोन दिवसांनी चावी घेऊन उल्हासनगरला गेलो. चाव्यांची दुरुस्ती करणारा, वयानं पन्नाशीचा सिंधी. त्यानं पातळ पातं घालून चावीचे दोन भाग सुटे केले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"साईं, ये चाबी है के पूजा की थाली?"

सेलखालच्या हिरव्या पट्टीवर हळदीकुंकवाचा वाळलेला चिखल होता. चिमट्यानं त्यानं एक तांदळाचा दाणा उचलून काउंटरवर ठेवला. "प्रसाद संभालो," तो म्हणाला, आणि दुकानातली गिऱ्हाइकं हसली. "पाणी अंदर गेलंय. सेल कितनाही नवा डालो, क्या होणार? किसने किया ये?"

"घरच्या बायकांना काय सांगायचं," मी म्हणालो.

म्हणजे तिथेही दोष दुसऱ्यावर. ज्या बाईनं मला अडवलं होतं तिच्यावर, परक्या दुकानात.

त्यानं ब्रश आणि स्पिरिटनं पट्टी साफ केली, गरम हवा मारली. दहा मिनिटांत चावीचा दिवा लागला. गाडी दुकानासमोरच उभी होती. बटण दाबताच उघडली.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला बोलवा. दिवाळीला अजून वेळ आहे."

"बघू."

"तुमचं बघू मला ठाऊक आहे."

मला कुणाची भीती नव्हती. असती तर निदान काही सबब सांगता आली असती. ज्या लोकांची अक्कल मी मनातल्या मनात दोन पैशांची समजत होतो, त्यांच्यासमोर मला चुकलेलं दिसायचं नव्हतं, एवढंच. दिवाळी झाली. तिसऱ्या मजल्यावाल्यानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. लिफ्टमध्ये मला म्हणाला, "बरं झालं तुम्ही वेळेवर सावध केलंत." मी मान डोलावली.

यंदा दसऱ्याला मी सवयीनं चावी ताम्हनात ठेवली, तर बायकोनं काही न बोलता ती उचलून कोरड्या पाटावर ठेवली. तिनं टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून जांभूळला गेलो.

तो अंगणात होता. खांद्यावर गोण्यांचे वळ. आनंदनगरात माल चढवायच्या कामाला जातो म्हणाला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, तांदळाच्या दाण्यापर्यंत.

"हे सांगायला एवढं लांब आलात?"

"माफी मागायला आलो."

"चावी मी पाडली नाही हे मला आधीपासून माहीत आहे, साहेब. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा की." मग घराकडे तोंड करून म्हणाला, "चहा एकच टाक. मला जायचंय."

त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. ताम्हन, पाणी, उल्हासनगर, तीन वर्षांचं गप्प बसणं, काही वगळलं नाही. उत्तरं आली: जोडलेले हात, फुलं, "सर, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम", "केवढं मोठं मन". त्याच्याबद्दल एक शब्द नाही. सेक्रेटरीनं लिहिलं, विषय जुना आहे, इथेच थांबवावा. या असल्या लोकांत चांगलं दिसावं म्हणून मी एका माणसाची नोकरी घालवली होती.

सकाळी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

"अहो काका, वाचलं मी," दार अर्धं उघडून तो म्हणाला. "झालं गेलं. आता माझ्याकडे ड्रायव्हर आहे."

"आनंदनगरात त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"सांगेन की, माणूस चांगला आहे."

"तसं नाही. चावी कोणी भिजवली ते सांगायचं. आता म्हणून दाखवा."

"काका, हे काय लावलंय सकाळी सकाळी?"

"म्हणा."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कारखान्यात नापास झालेल्या मालाकडे बघत असे. "तुम्ही भिजवलीत," तो म्हणाला, "आणि नाव त्याचं घेतलंत." त्यानं दार लावलं.

मी शेजारची बेल दाबली. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत नऊ घरं झाली. सहा जणांनी म्हटलं, दोघांनी दार उघडलं नाही, एकानं मला डॉक्टरकडे जायला सांगितलं. त्या तिघांकडे उद्या पुन्हा जाईन.