देवाजीचं दुहेरी अर्थिंग

देवाजी भिलाईच्या जुनवानी भागात आमच्या शेजारी राहायला आला, तेव्हा गल्ली त्याला नाही, त्याच्या बायकोला बिचकली. सिंधुताईंनी 'चहा घेता का' विचारलं तरी वाटायचं, भांडण पेटलं. घरं तेव्हा तुरळक होती, मधे मोकळे प्लॉट, त्यामुळे त्यांचा आवाज बिनअडथळा पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचा. स्टील प्लांटचा भोंगा कंपनीचं क्वार्टर सोडताना मागे राहिला असं मी समजत होतो. तो शेजारीच निघाला. गल्लीनं त्यांचं नाव भोंगाबाई ठेवलं. मला निवृत्तीनंतर शांतपणे पेपर वाचायचा होता, त्यामुळे त्या नावाला माझी काहीच हरकत नव्हती.

देवाजी स्वतः अबोल. भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांतून विशीत भिलाईला आला आणि प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून उभी नोकरी काढली. मी त्याच प्लांटात कारकून. माझ्या टेबलापर्यंत त्याचं नाव आलं होतं ते त्याच्या कानामुळे. मोटर कुरकुर करायला लागली की तो लांब पेचकस तिच्या अंगावर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, बेअरिंग गेलं की नाही. कानात घालायला बोळे मिळायचे, ते त्यानं कधी घातले नाहीत. "कान बुजवले तं मोटर माह्याशी बोलन कशी?" म्हणायचा.

दुसरा त्याचा हट्ट दुहेरी अर्थिंगचा. प्लांटात नियमच होता, प्रत्येक मोटरला जमिनीशी जोडणाऱ्या तारा दोन, त्याही वेगवेगळ्या जागी. एक तुटली तर दुसरी माणसाचा जीव वाचवते. देवाजीनं हा नियम घरी आणला. त्याच्या कूलरला दोन अर्थिंग, पाण्याच्या पंपाला दोन, गणपतीच्या मखरालासुद्धा दोन. मी हसलो की म्हणायचा, "एकावर भरवसा ठेवनारा मानूस मी पाह्यला हाय, बाबारावजी. फोटोत, हाराच्या आत."

निवृत्त झाल्यावर तो गाड्यांमध्ये टेप बसवू लागला. नव्वद साल उलटून गेलं होतं. नेहरू नगरात नव्या मारुती दिसायला लागल्या होत्या आणि लोकांना नुसता टेप पुरेनासा झाला होता. ॲम्प्लिफायर हवा, मागच्या सीटखाली वूफरचा डबा हवा, आणि तो असा हवा की बसणाऱ्याच्या पोटात धपधप झालं पाहिजे. देवाजी या कामात रमला. "मोटरी सुटल्या, पन कान कामी येऊन राहिला," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

लग्नसराईच्या तोंडावर जामुलचा केवलराम त्याच्याकडे आला. वराती-बारशांना व्हॅन भाड्यानं द्यायचा त्याचा धंदा. दुर्गपर्यंतचे सगळे गाडीवाले त्याच्या शब्दावर चालायचे. "देवाजी भैया, इसमें बढ़िया साउंड लगा दो, फिर बाकी सबकी गाड़ी आपके पास," तो म्हणाला. देवाजीनं जीव ओतून काम केलं. गाडी धपधपत गेली आणि दुसऱ्या सकाळी परत आली.

"भैया, सीटी मार रही है. रेस दो तो सीटी भी बढ़ती है."

देवाजी आत बसला. रेस दिली. डोळे मिटले. "किधर है सीटी?"

मी कुंपणाशी पेपर घेऊन उभा होतो. मला तिथूनही ती ऐकू येत होती, कानाशी डास गुणगुणावा तशी बारीक, इंजिनाबरोबर चढणारी. "देवाजी, शिट्टी आहे," मी म्हणालो.

"बाबारावजी, तुमचा कान हापिसातला. टाइपरायटरच आयकला त्यानं."

मला राग आला. मरो याचा वूफर, म्हणत मी आत गेलो.

तरी देवाजीनं कामात कसर ठेवली नाही. टेपकडून मागे येणारी वायर बॅटरीच्या वायरीला चिकटून गेली होती, ती सोडवून गाडीच्या दुसऱ्या अंगानं नेली. वूफरच्या तारा अदलाबदल करून पाहिल्या. फ्यूज बदलला. अर्थिंगच्या जागेचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला आणि दोन्ही अर्थिंगं आणखी घट्ट आवळली. प्रत्येक वेळी आत बसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "गई." केवलराम गाडी घेऊन जायचा आणि तोंड पाडून परत यायचा.

शेवटी तो म्हणाला, "भैया, परसों बारात है. आज नहीं हुआ तो सब निकाल दो, मैं रायपुर में लगवा लूँगा. और कोई पूछेगा तो मैं झूठ नहीं बोलूँगा."

हे तो रागानं म्हणाला असता तर देवाजीनं परतवलं असतं. तो बिचारा वाईट वाटून म्हणाला, आणि तेच लागलं. देवाजीजवळ होतं काय? कानाचं नाव. त्याच्यावर त्यानं नोकरी काढली, त्याच्यावरच म्हातारपणाचं काम उभं केलं होतं, आणि आता ते जामुलपासून दुर्गपर्यंत बुडायची वेळ आली होती.

"जो है ही नहीं, वो निकालूँ कैसे?" म्हणत त्यानं तणतणत गाडीत बसून इंजिन चालू केलं आणि जोरात रेस दिली.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सिंधुताई ओरडल्या, "बंद करा नं ते! कवाची शिटी मारून राहिली! माहे कान किटले!"

देवाजीनं इंजिन बंद केलं. केवलराम खोट काढेल, मी चेष्टा करीन, पण ही बाई त्याच्या कामाला उगाच नावं ठेवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. काचेतून तो तिच्याकडे पाहत राहिला.

"तुले तिथून आयकू येते?"

"हव."

"आन मले इथं बसून नाई."

सिंधुताईंनी सूप बाजूला ठेवलं. "कुकरची शिटी तरी कुठं आयकू येते तुमाले?"

"येते ना. रोज मीच तं गॅस बंद करतो."

"मी आवाज देतो, म्हनून करता."

केवलराम स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. मला वाटलं, देवाजी आता उठून आत जाईल. मी असतो तर गेलोच असतो. तो मात्र खाली उतरला, पेचकस उचलला आणि बायकोला म्हणाला, "गाडीत बस. मी एक एक तार काढतो. शिटी गेली का सांग."

सिंधुताई पदर खोचून व्हॅनमध्ये बसल्या. केवलरामनं रेस धरली. देवाजी एकेक जोड सोडवून पाहू लागला. "हाय!" आतून आवाज आला. पुढचा जोड. "हाय!" मग त्यानं ॲम्प्लिफायरचं दुसरं अर्थिंग सोडवलं. एक मागच्या पत्र्याला होतं. हे दुसरं त्यानं मुद्दाम पुढे, इंजिनाजवळच्या बोल्टला नेलं होतं.

"गेली!"

त्यानं तार पुन्हा टेकवली. "आली!" उचलली. "गेली!"

देवाजी ती तार हातात धरून उभा राहिला. प्लांटात जी माणसाला वाचवते, तीच इथे शिट्टी मारत होती. दोन जागी जोडल्यामुळे इंजिनाकडचा करंट एका तारेनं शिरून दुसरीनं फिरत होता आणि फिरता फिरता गाण्यात मिसळत होता, हे त्यानंच मला नंतर समजावलं. त्या वेळी मात्र तो नुसता पुटपुटला, "एकाच्या भरवशावर कसं सोडू?"

मग "बारा व्होल्टानं मानूस मरत नाई," असं स्वतःलाच बजावत त्यानं ती तार काढली, टेपचंही जादा अर्थिंग काढलं आणि सगळं एकाच नटाला आवळलं. त्या नटाखाली वॉशर मात्र दोन घातले. जित्याची खोड.

केवलराम चार वेळा रेस देऊन, कान देऊन, हसत निघून गेला. देवाजी ओट्यावर सिंधुताईंच्या बाजूला बसला. मी कुंपणाशीच होतो, पण दोघांनाही माझं भान नव्हतं.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"मिलमंदी होते तवापासून. बारीक आवाज पयले गेले."

"सांगतलं कावून नाई?"

"कसं सांगू? कानाच्या नावावर जगले तुमी," सिंधुताई म्हणाल्या. "मंग मी मोठ्यानं बोलाले लागली. पन एकट्या तुमच्याशीच तसं बोलली असती तं तुमच्या ध्यानात आलं असतं. म्हनून मंग साऱ्याईशीच."

माझ्या हातातला पेपर हातातच राहिला. भोंगाबाई म्हणून आम्ही सगळे हसत आलो होतो आणि ही बाई ते हसू मुकाट झेलत आली होती. मला फार लाज वाटली.

देवाजीनं निवडलेल्या तांदळाचं सूप उगाच तिच्याकडे सरकवलं. "लय वरडली वं तू माह्यासाठी," तो म्हणाला. "आता हळू बोलत जाय. नाई समजलं तं मी विचारीन."

सिंधुताईंनी पदरानं डोळे पुसले, मान हलवली, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हव!"