कापलेली पांढरी कड

मंगळवारी दुपारी सत्तरीच्या एक बाई कलादालनात छापचित्र विकायला आल्या. त्याच्या पंचवीसच प्रती निघाल्या होत्या. त्यांतली ही एक त्यांच्या नवऱ्याने म्हातारपणाची सोय म्हणून घेतली होती. आता त्याचंच ऑपरेशन होतं.

मालकांनी विचारलं, “काकू, खालची पांढरी कड कुठंय?”

“ह्यांनी कापली. फ्रेममध्ये बसेना.”

“चित्रकाराची सही आणि प्रतीचा क्रमांक तिच्यावरच असतो. त्याशिवाय कुणी घेणार नाही.”

“पण चित्र तेच आहे ना?”

चित्र तेच होतं. इतकी वर्षं घराने ते रोज पाहिलं होतं. किंमत मात्र कडेवरच्या पेन्सिलीच्या अक्षरांना होती.

बाई म्हणाल्या, “ह्यांचा फोन आला तर कापल्याचं बोलू नका हं. गिऱ्हाईक नाही म्हणा.”

संध्याकाळी फोन आला.

“सध्या गिऱ्हाईक नाही, काका,” मालक म्हणाले.